हवेत, झालेत, उरलेत

परीक्षेहून परतलेल्या पोराला "पेपर कसा गेला?" असं विचारणारी माणसं प्रत्येक आळीत असतात. निकालाच्या दिवशी "किती पडले?" म्हणत दारात येणारी त्याहून जास्त. पण परीक्षेला अजून दोन महिने आहेत, पुस्तकाचा एकही कोपरा दुमडलेला नाही, अशा वेळी पोराला रस्त्यात थांबवून "तुला लागतात किती?" असं विचारणारे आमच्या औंधात फक्त नाना.

नाना विकास सोसायटीचे सचिव होते. उभी नोकरी त्यांनी शेतकऱ्यांना एकच गोष्ट सांगण्यात घालवली : मार्चअखेरपर्यंत किती भरले म्हणजे थकबाकीच्या यादीतून नाव निघेल. निवृत्त झाल्यावर थकबाकीदार तेवढे बदलले, मार्च तोच राहिला. आता दहावीची पोरं येतात, बारावीची येतात, कॉलेजातले बाप्ये येतात. चपला दाराशी काढायच्या आत सवाल सुरू, "नाना, किती लागत्यात?"

नाना सोप्यात बाकावर बसतात. शेजारी खोक्यात जुन्या लग्नपत्रिका. पत्रिकेची मागची बाजू कोरी असते, आणि कोरा कागद फुकट जाऊ देणं हे नानांच्या लेखी पाप. दहावीला साधी पत्रिका, पदवीला घडीची, इंजिनिअरिंगवाल्याला थेट राजकीय पुढाऱ्याच्या घरची, कारण ती वहीएवढी असते. आमच्या गावातल्या कित्येकांचा फर्स्टक्लास कुणाच्या तरी शुभविवाहाच्या पाठीवर लिहिलेला आहे. हल्लीच्या पत्रिकांवर मात्र नाना नाराज असतात. कागद चकचकीत, पेन्सिल उठत नाही. "यांची लग्नं टिकतील का नाही ते यमाईला माहीत," ते म्हणतात, "पण गणित काही टिकत नाही."

पत्रिका उलटी ठेवायची, दोन उभ्या रेघा ओढायच्या, तीन रकाने पाडायचे. पहिल्याच्या डोक्यावर 'हवेत', दुसऱ्याच्या 'झालेत', तिसऱ्याच्या 'उरलेत'. हव्यातून झालेले वजा करायचे, आणि येईल ते उरलेल्यात बसतंय का बघायचं. त्रैराशिकापासून विद्यापीठाच्या नव्या श्रेणीपद्धतीपर्यंत जगात एवढंच गणित आहे, बाकीचं मास्तर लोकांनी पगारासाठी वाढवलेलं, असं नानांचं मत.

गिरणीवाल्याचा धाकटा आला तेव्हा मी तिथेच होतो. पोरगं खांदे पाडून उभं. बापानं सांगितलं होतं, पंच्याहत्तर टक्के आणलेस तर मोबाइल.

"बस," नाना म्हणाले. "बोर्डाला विषय सहा, त्यातले चांगले पाच धरतात. म्हणजे पाचशे. पाचशेचे पंच्याहत्तर टक्के किती?"

पोरगं छताकडे बघायला लागलं.

"तीनशे पंच्याहत्तर. आता शाळेनं अंतर्गतचे वीसपैकी किती दिलेत?"

"आठरा. सगळ्यातच आठरा."

"अठरा पंचे नव्वद. ते झाले, ते आता कुणाचा बाप काढून घेत नाही. राहिले दोनशे पंच्याऐंशी. भागिले पाच." पेन्सिल थांबली. नानांनी आकड्याभोवती गोल काढला. "सत्तावन्न. ऐंशीत सत्तावन्न."

"बास?"

"बास. आता गणित घे. गणिताचे पेपर दोन, चाळीस-चाळीसचे. एकात अठ्ठावीस, दुसऱ्यात एकोणतीस. म्हणजे चाळीसातले अकरा-बारा सोडून दिलेस तरी तुझं अडत नाही. शेवटचा अवघड प्रश्न आहे ना, त्याच्याकडं बघायचंबी नाही. त्यानं हाक मारली तरी बघायचं नाही."

पोरगं हसलं. नानांनी मग त्याला औंध संस्थान सांगितलं, ते सगळ्यांनाच सांगतात. पंतप्रतिनिधींचं राज्य कधी सलग नव्हतंच. औंध इकडे, आटपाडी तिकडे, कुंडल तिसरीकडे, आणि गुणदाळ तर पार विजापूरच्या अंगाला. मधे सगळा दुसऱ्यांचा मुलूख. अशी विखुरलेली ७२ गावं मिळून संस्थान. गुणपत्रिका तशीच असते म्हणे. सगळं राज्य एकदम डोळ्यासमोर आणलं तर छाती दडपते. एकेक ठाणं ताब्यात घ्यायचं. आज भूगोलाचे चाळीस, उद्या इतिहासाचे.

पंच्याहत्तर टक्के पाठीवर घेऊन आलेलं पोरगं सत्तावन्न खिशात घालून परत गेलं. ओझं तेच, पण आता त्याला धरायला कान फुटले होते. नानांकडे पोरं कशासाठी येतात ते मला त्या दिवशी कळलं. आकडेमोड त्यांच्या फोनलाही येते.

आतून काकूंचा आवाज आला, "एवढ्या वेळात ते अभ्यासाला बसलं असतं तर दोन धडे झाले असते." काकू हे प्रत्येक पोराच्या वेळी म्हणतात, आणि म्हणता म्हणता त्याच्यासाठी चहात दूध वाढवतात.

काकूंच्या बोलण्यात तथ्य नाही असं नाही. नानांच्या पद्धतीत एक मोठी गोम आहे. लागणारा आकडा एकदा कळला की पोरं तिथवरच चालतात. सत्तावन्नचा अभ्यास झाला की अठ्ठावन्नावा गुण मिळवून देणारं पान ती उलटत नाहीत. एका वर्षी नानांनी बरोब्बर सांगितलेल्या आकड्याच्या खाली दोन-दोन, तीन-तीन गुणांनी पोरं घसरली. नानांनी मग सोसायटीतला जुना अनुभव वापरला. गोदामात धान्य ठेवलं की घट येतेच. ती आधीच धरावी लागते. पेपर तपासताना, घाईत, शाई पसरून, प्रश्नाचा क्रमांक चुकून जी काय घट येईल ती चार गुणांची धरून नाना सत्तावन्नच्या जागी गुपचूप एकसष्ट सांगू लागले.

एक वर्ष हे चाललं. दुसऱ्या वर्षी पोरांना पत्ता लागला. "नानांनी एकसष्ट सांगितलेत, म्हणजे खरे सत्तावन्न," असं स्टँडवर उघड बोललं जाऊ लागलं. नानांनी घट सहावर नेली. पोरांनी सहा वजा केले. सध्या घट किती आहे हे नाना सांगत नाहीत आणि पोरं दर रविवारी त्यावर पैज लावतात. त्या निमित्तानं त्यांचं बेरीज-वजाबाकीचं गणित सुधारलंय, हा नानांचा दावा आहे.

त्यांना राग येतो तो फक्त एका गोष्टीचा : गाळायचा विषय आधी ठरवणाऱ्याचा. सहापैकी पाच धरतात म्हटल्यावर कुणी ना कुणी हुशार निघतोच, "नाना, मी हिंदी सोडलीय." नाना पेन्सिल खाली ठेवतात. "सोडलीय म्हणजे? पास व्हायला तर सगळ्यात लागतंय. आणि कुठला गाळायचा ते निकाल ठरवतो. तू कोण ठरवणार? गडी मैदानात उतरायच्या आधीच तू त्याला बाद दिलास व्हय रं?" असाच एकजण हिंदी सोडून विज्ञानाच्या मागे लागला होता. दिवसरात्र विज्ञान. निकाल लागला तेव्हा सोडलेली हिंदी पाचात सगळ्यांच्या वर, आणि गळालं ते विज्ञान. नानांनी त्याची पत्रिका अजून वेगळी ठेवलीय. कुणी 'सोडलीय' म्हणालं की ती काढून दाखवतात. त्या पत्रिकेतल्या नवरानवरीला आता दोन मुलं आहेत.

पेपर देऊन आलेल्या पोरांशी बोलायची नानांची रीत वेगळी. ती काय सांगतात ते नाना कधीच जसंच्या तसं लिहून घेत नाहीत. "सोपा गेला" असं म्हणालं की सांगितलेल्यातून दहा वजा. "बरा गेला" असेल तर पाच. "लय अवघड होता" म्हणून रडत आलेल्याच्या खात्यात उलट पाच जमा. आणि "पूर्णच्या पूर्ण लिहिलाय, पुरवण्या चार लावल्यात" असं म्हणाला तर नाना हळूच विचारतात, "प्रश्न वाचला होतास ना बाळा?" हा दर त्यांनी कुठल्या पुस्तकातून घेतलेला नाही, पण निकालाला तो बोर्डाच्या आसपास उतरतो.

पालकांना सोप्यात प्रवेश नाही. म्हणजे चहा मिळतो, गणित मिळत नाही. "पोराला नव्वद पाडायचेत, काढा बघू," असं म्हणत एकदा एक सद्गृहस्थ आले. नानांनी गप्पा मारल्या, पावसाचं विचारलं, ऊस गेला का विचारलं आणि पाठवून दिलं. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "बापाच्या पत्रिकेत रकाने दोनच असतात. हवेत आणि हवेत."

मधे विद्यापीठांनी टक्के काढून श्रेणी आणल्या तेव्हा नानांची जरा पंचाईत झाली होती. एका इंजिनिअरिंगच्या पोरानं दहाच्या मापाचं कोष्टक समोर ठेवलं. सर्वांत वरच्या श्रेणीसमोर इंग्रजी 'ओ' हे अक्षर. नाना बराच वेळ त्या गोलाकडे बघत राहिले. "पहिला आलेल्याला भोपळा देतात व्हय?" त्याला दहा गुणांक असतात हे कळल्यावर त्यांनी मान डोलावली, पण पटलं नव्हतं. श्रेयांक मात्र त्यांना लगेच आवडले. चार श्रेयांकाच्या विषयातला गुण दोनवाल्याच्या दुप्पट मोलाचा, म्हणजे बागायती आणि जिरायती. विषयाचा गुणांक श्रेयांकानं गुणायचा, सगळ्यांची बेरीज करायची, एकूण श्रेयांकांनी भागायचं. दहा मिनिटांत नानांनी त्या पोराचे सगळे विषय लावून दिले आणि वर सांगितलं, "चारवाल्यात जीव ओत. दोनवाल्यात जीव वाचव."

पण नानांचं खरं कसब मला दिसलं ते एका बी.ए.च्या मुलाच्या वेळी. सहा सत्रं, सगळ्यांचे गुण सारखे. पाच झालेली, त्यांची सरासरी ५१. एक उरलेलं. हवा होता फर्स्टक्लास, म्हणजे साठ टक्के. मुलगा येतानाच उतरलेला होता. त्यानं हे आधी मोबाइलवरच्या कुठल्याशा हिशोबाच्या पानावर घालून बघितलं होतं आणि तिथे लाल अक्षरात 'अशक्य' असं आलं होतं.

नानांनी मोबाइल हातात घेतला, लाल अक्षरं बघितली आणि म्हणाले, "एवढं तोंडावर सांगतात?"

मग त्यांनी पत्रिका घेतली. साठ सक तीनशे साठ. एक्कावन्न पंचे दोनशे पंचावन्न. खाली उरतात एकशे पाच. शंभराच्या पेपरात एकशे पाच. असं उत्तर आलं की नाना त्याला "कागदाबाहेर गेलं" म्हणतात. पण ते मोठ्यानं म्हणत नाहीत. त्यांनी तो १०५ लिहिलाच नाही. पेन्सिल कानावर ठेवली, काकूंना पाणी मागितलं आणि विचारलं, "तुला फर्स्टक्लास लागतो कशाला?"

"म्हणजे?"

"म्हणजे कुठल्या जाहिरातीत लिहिलाय? स्पर्धा परीक्षेला बसणार म्हणतोस ना? तिथं पदवी मागतात का वर्ग मागतात?"

मुलगा गप्प. वर्ग मागितल्याचं त्याला कुठं आठवेना.

"मग पंचावन्न बघू. तीनशे तीस वजा दोनशे पंचावन्न, पंच्याहत्तर. जड जातंय? बावन्न घे. तीनशे बारातून दोनशे पंचावन्न गेले, सत्तावन्न. हे बघ, आजवर एक्कावन्नवर होतास, या वेळी सत्तावन्न आण. चढता आलेख दिसतो. मुलाखतीत विचारलं तर सांगायचं, शेवटी शेवटी जोर धरला."

मुलगा पत्रिका घेऊन गेला. नाना इतरांना आकडे काढून देतात, त्याला त्यांनी आकडा बदलून दिला. सोसायटीत ज्याचं कर्ज फिटण्यातलं नसायचं त्याला ते असेच हप्ते पाडून द्यायचे म्हणे. मोठ्या साहेबांना ते आवडायचं नाही.

अगदीच गणितात गेलेला असेल तर नानांकडे शेवटचं औषध आहे, गदिमा. ग. दि. माडगूळकर औंधच्या शाळेत शिकले आणि गणितानं त्यांची मॅट्रिक अडवली, हे आमच्या गावात नापास होणाऱ्या प्रत्येकाला तोंडपाठ असतं. साने गुरुजीही काही काळ इथेच शिकायला होते, हातानं भाकरी थापून, कधी उपाशी राहून. पण ते नाव अभ्यास न करणाऱ्याच्या उपयोगाचं नाही, म्हणून नाना ते हुशार पोरांसाठी राखून ठेवतात. गदिमांच्या बाबतीत मात्र त्यांना एक सल आहे. "त्या वेळी अंतर्गतचे वीस असते," ते हळहळतात, "तर आरामात सुटले असते की. आपण काढून दिले असते." मग स्वतःच दचकतात. सुटले असते तर कुठंतरी मामलेदार कचेरीत कारकून झाले असते, आणि १९५५-५६ साली पुणे आकाशवाणीवर आठवड्याला एक याप्रमाणे गीतरामायणाची ५६ गाणी लागायची ती कुणी लिहिली असती? "बरं झालं मी तेव्हा नव्हतो," असं म्हणून नाना विषय बंद करतात. गीतरामायण वाचवल्याचं थोडं श्रेय ते अशा रीतीनं स्वतःकडे घेतात.

ही खोड परीक्षेपुरती असती तर काकूंनी चालवून घेतली असती. पण नानांना सगळं जगणंच तीन रकान्यांत दिसतं. बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी संस्थानच्या शाळांत सूर्यनमस्कार सक्तीचे केले होते. नानांच्या वडिलांना ते घालावे लागले, नानांना वडिलांमुळे, आणि सवय राहिली. सगळी दुनिया नमस्कार एकपासून मोजते. नाना पंचवीसपासून उलटे मोजतात. झालेले किती यात त्यांना रस नाही. यमाईच्या डोंगराच्या पायऱ्या चढताना मागून दम लागलेला कुणी "नाना, अजून किती?" म्हणाला की त्यांना कोण आनंद होतो. थांबून, मागे बघून, वर बघून सांगतात. क्रिकेटची मॅच बघताना धावफलकाकडे त्यांचं लक्ष नसतं, षटकाला किती लागतायत तेवढंच. आपला संघ आधी खेळत असला तर ते उठून जातात. तिथे 'हवेत' लिहायला काही नसतं.

सगळ्यात अवघड झालं ते साखरेच्या बाबतीत. मधुमेह निघाल्यावर डॉक्टरांनी तीन महिन्यांच्या सरासरीची ती रक्ततपासणी करायला सांगितली आणि सातच्या आत राहा म्हणाले. सरासरी हा शब्द ऐकल्यावर नानांचे डोळे चमकले. घरी येऊन त्यांनी पत्रिका काढली. दोन महिने कडक पथ्य झालं होतं. "दोन महिने साडेसहा धर," काकूंना सांगू लागले, "तर तिसऱ्या महिन्यात आठपर्यंत बसतंय. साडेसहा दुणे तेरा, आणि आठ एकवीस, भागिले तीन, सात. होळी आहे. दोन पुरणपोळ्या बसतात. तूप वेगळं."

काकूंनी पत्रिका उलटी केली, पुढची बाजू वाचली आणि म्हणाल्या, "हे लग्न परवाच मोडलं." पुरणपोळी अर्धी मिळाली.

नानांना स्वतःला किती होते, असं पोरं विचारतात. नाना सांगत नाहीत, काकू सांगतात. सोसायटीच्या जागेला सेकंड क्लास मागितला होता, म्हणजे ४५ टक्के. नानांनी परीक्षेआधी हिशोब काढला आणि ४५ टक्केच पाडले. वर एक गुण नाही, खाली एक नाही. "एक मार्क वाया घालवला नाही माणसानं," काकू पदर तोंडाला लावून हसतात. नाना पेपरात तोंड घालतात, पण कान लाल झालेले दिसतात. मला वाटतं, त्यांच्या आयुष्यातला तो सर्वांत मोठा विजय असावा.

आमच्याच आळीतली एक सून दोन्ही पोरं शाळेत गेल्यावर शिवाजी विद्यापीठाच्या दूरशिक्षणातून मराठीत एम.ए. करत होती. गेल्या वर्षी ती आली. प्राध्यापकीसाठी सेट द्यायची होती, आणि त्याआधी एम.ए.ला पंचावन्न टक्के लागतात. तीन सत्रांची सरासरी ५२, उरलेलं सत्र एक. नानांनी काढलं : पंचावन्न चोक दोनशे वीस, बावन्न तिरीक एकशे छप्पन्न, राहिले चौसष्ट. आणि आश्चर्य म्हणजे त्यात घट धरली नाही. नंतर म्हणाले, "तिला काय घट सांगायची? सकाळचं पाणी, डबे, सासऱ्यांचं औषध, पोरांचा गृहपाठ. ती सगळी घट आधीच धरूनच पुस्तक उघडते."

निकालाचा पेढा घेऊन ती आली तेव्हा सासूही बरोबर होत्या. चौसष्ट हवे होते, सहासष्ट पडले. सरासरी साडेपंचावन्न. काकूंनी तिची दृष्ट काढली. नानांनी पेढ्याचा चौथा भाग मोडून तोंडात टाकला, आकडा पुन्हा ऐकून घेतला आणि काळजीनं म्हणाले, "दोन जास्त आणलेस की. कशाला एवढी दगदग केलीस?"

"आता सेट, नाना," ती म्हणाली.

"सांग." पत्रिका उलटी झालीच होती.

"पहिला पेपर शंभरचा, दुसरा दोनशेचा."

"तीनशे. हवेत किती?"

"खुल्या गटाला चाळीस टक्के."

"एकशेवीस!" नानांनी गोल काढला. "ही काय परीक्षा झाली? तू तर झोपेत—"

"तसं नाही नाना. एकशेवीस पडले की फक्त विचार करतात. जेवढे जण परीक्षेला बसतात, त्यातल्या वरच्या सहा टक्क्यांनाच पास करतात."

"मग हवेत किती?"

"ते आधी कळत नाही. बाकीच्यांना किती पडतात त्यावर ठरतं."

नानांनी १२० वरचा गोल खोडला. 'हवेत'च्या रकान्यात दुसरं काही लिहायला पेन्सिल टेकवली, उचलली, परत टेकवली. दुसऱ्यांच्या 'झालेत'वर आपलं 'हवेत' अवलंबून, असला व्यवहार त्यांनी सोसायटीतसुद्धा बघितला नव्हता. आम्हाला वाटलं, आता संपलं. या बाईला नाना पहिल्यांदाच रिकाम्या हातानं पाठवणार.

"बसतात किती जण?" त्यांनी विचारलं.

"हजारोंनी असतील."

"हजारोंचं नंतर बघू. आधी आपल्या औंध-वडूज बाजूचे धर. त्यांना निरोप दे, म्हणावं एकेक करून इकडं या. त्यांना किती पडणार ते काढू, म्हणजे तुला किती लागतात ते आपोआप निघंल." आणि मान वळवून आत ओरडले, "अगं, पत्रिका किती उरल्यात?"

"पाच-सहा असतील," काकू म्हणाल्या. "तुळशीचं लग्न होऊ द्या, मग येतील भरपूर."